बाजार एक दिवस, चूल सात दिवस

(आंदर मावळातील शेतकरी बंधू-भगिनींसमोर केलेले भाषण)



मी कृषिविद्या हा विषय शिकवतो. भाताचे रोप किती दिवसांचे लावावे, युरियाचा दुसरा हप्ता केव्हा द्यावा, हे विचारण्यासाठी आपण मला बोलावता आणि तेच सांगण्याची मला सवय आहे. आज मात्र मी खाचरात उतरणार नाही. आज मला आपल्या बाजाराच्या पिशवीविषयी बोलायचे आहे. ही पिशवी बहुधा घरातील बाईच्या हातात असते, आणि शेतीच्या मेळाव्यात तिच्याविषयी कोणी बोलत नाही. हेक्टरी उत्पादन वाढले, दरही बरा मिळाला, तरी ताटात काय पडणार हे शेवटी त्या पिशवीवर ठरते.

खांडी, सावळे, कुसूर या वरच्या गावांतून बाजाराला निघालेला माणूस वडेश्वर, टाकवे करीत कान्हे फाट्याला येतो आणि तेथून वडगाव, कामशेत नाहीतर तळेगाव गाठतो. जाण्यायेण्यात दिवस मोडतो. त्यामुळे बाजार आठवड्यातून एकदाच होतो. चूल मात्र रोज दोनदा पेटते. अडचण येथेच आहे, आणि तिचा हिशेब आपण फारसा करीत नाही. तो आज करू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरीच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (मांसाहार करणाऱ्यांना त्यातला काही भाग मासे-अंडी) आणि २५० ग्रॅम तृणधान्य असावे, असे त्यात सांगितले आहे. भाज्यांतील चौथा हिस्सा हिरव्या पालेभाजीचा धरावा. आता पाच माणसांचे घर घ्या. दिवसाला २ किलो भाजी, म्हणजे आठवड्याला १४ किलो. पैकी साडेतीन किलो पालेभाजी. चौदा किलो भाजी, शिवाय तेल, मीठ, साबण, मुलांची वह्या-पुस्तके, आणि परतीच्या एस.टी.त उभे राहायलाही जागा नाही! एवढे ओझे कोणीच आणत नाही. पिशवीत पाच-सहा किलो भाजी येते, त्यात कांदा-बटाटाच अधिक असतो. पालेभाजीच्या दोन जुड्या वरून खोचलेल्या असतात, त्या दुसऱ्या दिवशी संपतात. उरलेले दिवस भात, पातळ आमटी आणि मिरचीचा ठेचा यांवर निघतात.

हे कोणाच्या आळसामुळे होत नाही, अंतरामुळे होते. पण त्याचा परिणाम व्हायचा तो होतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. यात शहरातल्या आहेत तशा खेड्यातल्याही आहेत. ज्या बायका भाजी पिकवतात, खुडतात, डोक्यावर घेऊन बाजारात विकतात, त्याही यात आहेत.

मग करायचे काय? बाजारात जास्त पैसे खर्च करा, असे मी सांगणार नाही. तेवढ्याच पैशात आणि तेवढ्याच ओझ्यात सात दिवस कसे भरतील ते पाहू. माझ्या मते आठवड्याची आखणी भाजीच्या आयुष्यावर करावी. आज कशावर मन जाते हे पाहून भाजी शिजवली की टिकणारी आधी संपते आणि नासणारी नासते. बाजाराच्या दिवशी रात्री आणि दुसऱ्या दिवशी मेथी, चाकवत, माठ, पालक असा पाला शिजवावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेंडी, गवार, दोडका, वांगी. पाचव्या दिवशी लाल भोपळा, सुरण, कच्ची केळी यांच्याकडे वळावे. अख्खा भोपळा महिनोन् महिने टिकतो. चिरलेला मात्र दोन दिवसांत संपवावा, म्हणून तो शेजारणीबरोबर वाटून घ्यावा. सहाव्या-सातव्या दिवशी बाजारच्या भाजीची वाटच पाहू नये. तेव्हा मोड आलेले वाल, मटकी, हुलगा, नाहीतर पिठले. मटकी चौथ्या दिवशी भिजत घातली तर सहाव्या दिवशी तिला चांगले मोड येतात. म्हणजे सातव्या दिवसाची भाजी चौथ्या दिवशी आठवावी लागते. सारी मेख एवढीच आहे.

घरी आल्यावर मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा करावा. पाला तसाच ठेवला तर तो मुळ्यातले पाणी ओढून घेतो आणि मुळा पोचट होतो. तो पाला फेकू नये, मुळ्याआधी तोच शिजवावा. पालेभाजी धुऊन ठेवू नये. नीट निवडून, ओलसर फडक्यात सैल गुंडाळून, माठाच्या गारव्याला ठेवावी आणि चिरण्याआधी धुवावी. बटाटा उजेडात ठेवला की हिरवा पडतो. तो हिरवा भाग खाण्याजोगा नसतो, खोल काढून टाकावा. विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष आपण पाहिला असेल. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत तो भाजी छान टिकवतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र त्याचा उपयोग नाही. हवाच इतकी ओली असते की पाणी उडत नाही, आणि पाणी उडाल्याशिवाय गारवा येत नाही.

आता प्रत्यक्ष बाजारात चला. बाजारात दोन प्रकारचे विक्रेते बसतात. एकाकडे क्रेटमधून काढलेली, एका मापाची, पुण्याच्या गुलटेकडीहून आलेली भाजी असते. दुसऱ्याकडे गोणपाटावर दोन-तीन जिनसांचे छोटे ढीग असतात. वांगी लहानमोठी, दोडका जरा वाकडा, कोथिंबिरीच्या मुळांना ओली माती. हा दुसरा माल बहुधा जवळच्याच रानातला, त्याच दिवशी पहाटे काढलेला असतो. तो घरी गेल्यावर एक-दोन दिवस जास्त टिकतो, आणि आपल्याला तर टिकण्याशीच मतलब आहे. या गोणपाटांवर काय काय दिसते ते बाजारभर एकदा फिरून पाहावे आणि मगच खरेदी करावी. जी भाजी चार-पाच गोणपाटांवर एकदम दिसते, तिचा हंगाम आला. ती त्या आठवड्यात स्वस्तही असते आणि चवीलाही. जी फक्त क्रेटमध्ये दिसते, ती लांबून आलेली आहे असे समजावे. आषाढात टोमॅटोचा दर चढला की आपण हळहळतो. पण त्याच बाजारात चिंच आणि आमसूल असते, आणि आमटीला आंबटपणा हवा असतो, टोमॅटोच हवा असे काही नाही.

भाजी वाट्याने घेतली असेल तर एकदा घरी ती तोलून पाहा. वाटा स्वस्त वाटतो, पण किलोचा भाव काढल्यावर कधी कधी उलटेच निघते. बाजार उठताना भाव उतरतो हे खरे; परंतु उतरत्या बाजारात पालेभाजी घेऊ नये, दिवसभर उन्हात बसून तिचा जीव गेलेला असतो. भोपळा, कांदा, काकडी, वांगी उतरत्या बाजारात खुशाल घ्यावी. आणखी एक. गोणपाटावर बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस पुढच्या दुकानात पुडीवरची छापील किंमत मुकाट्याने देतो. हे मला कधीच समजलेले नाही.

आता वर्षभराचा फेरा पाहू. आपल्या भागात तो आगोटीपासून सुरू होतो. घाटमाथ्याकडे चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्या चार महिन्यांची बेगमी मे महिन्यात करण्याची आपल्या वाडवडिलांची रीत शास्त्राला धरूनच आहे. कांदा, लसूण, मिरची, हळद, डाळी, सुकट, बोंबील ही खरेदी पावसाआधी करावी. कांद्याचे मुद्दाम सांगतो. साठवणीसाठी रब्बीतला, उन्हाळ्यात निघणारा कांदाच घ्यावा. आपल्या विद्यापीठाचा एन-२-४-१ हा वाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. मान बारीक मिटलेली, वरचे पापुद्रे कोरडे, असा मध्यम आकाराचा कांदा निवडावा. जाड मानेचा, डेंगळे आलेला कांदा कितीही स्वस्त मिळाला तरी तो आठवडाभर खाण्यापुरताच. खरिपाचा लाल कांदा साठवणीत टिकत नाही. पसरट टोपलीत, हवा खेळेल अशा रीतीने, चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्यास आपल्या दमट हवेतही त्याचा निभाव लागतो. गोणीत बांधून कोपऱ्यात ठेवलेला कांदा आषाढातच घरभर वास सोडतो.

पहिला पाऊस पडला की बाजाराचे रूप पालटते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजातील बायका रानभाज्या घेऊन येतात. आधी शेवळे, मागोमाग कुरडू, टाकळा, फोडशी, भारंगी, कवळा, मग करटोली. आम्ही तणशास्त्राच्या तासाला टाकळा, कुरडू आणि घोळ यांचे नमुने तणे म्हणून विद्यार्थ्यांसमोर ठेवतो, आणि बाजारात त्यांचीच जुडी पैसे मोजून घेतो. तण म्हणजे नको तेथे उगवलेली वनस्पती, अशी व्याख्या आहे. टोपलीत उगवली की ती भाजी होते, एवढेच.

या भाज्या शहरातल्या माणसाला माहीत नसतात, आणि आता आपल्याही नव्या सुना-मुलींना त्या माहीत नाहीत. कारखान्यात जाणाऱ्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही; ती सकाळी सातची पाळी गाठणार की भारंगी उकडून पिळत बसणार? परंतु ज्यांना वेळ आहे त्यांनी तरी हे विचारून घ्यावे, आणि विचारण्याची जागा बाजारच आहे. बाजारात असे बोलणे कानावर पडते:

“मावशी, ही शेवळं कशी करायची?”

“काकडं घे संगं. न्हाई तं घसा खाजंल. आतलं पिवळं काढून टाक, आन् त्यालात चांगलं परत.”

त्या मावशींनी एका दमात जे सांगितले त्यात सगळे रसायनशास्त्र आहे. शेवळ सुरणाच्या कुळातले. त्याच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आतला पिवळा भाग सर्वांत खाजरा. काकडाच्या फळाची, चिंचेची किंवा आमसुलाची आंबट जोड दिली आणि भरपूर शिजवले की खाज मरते. अळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो तीही याच कारणाने. टाकळा फुलावर येण्याआधी, अगदी कोवळा घ्यावा. भिजवलेली मुगाची डाळ आणि लसूण घालून परतला तर मुलेही खातात. भारंगी कडू, उकडून पाणी पिळून टाकल्याशिवाय ती तोंडात धरवत नाही. फोडशीचा देठाकडचा पांढरा भाग नीट साफ करावा. कवळ्याला मात्र काही करावे लागत नाही, चिरून कांद्यावर परतला की झाले.

या भाज्यांबद्दल दोन गोष्टी जपाव्यात. बांधावर तणनाशक मारण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. ज्या बांधावर फवारणी झाली, तेथला टाकळा-कुरडू त्या हंगामात खुडू नये आणि विकूही नये. आपल्या बांधावर औषध मारले असेल तर भाजी खुडायला येणाऱ्या बायकांना तसे सांगावे. त्या पहाटे येतात, त्यांना कळणार कसे? दुसरी गोष्ट करटोलीची. तिचा कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतो. नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. फळ धरत नाही म्हणून नर वेल उपटला, की शेजारच्या मादी वेलांनाही फळ धरणार नाही. वेल ओरबाडून काढू नये, कंद तर उकरूच नये.

करटोलीला पुण्या-मुंबईकडचे गिऱ्हाईक चांगला भाव देते. लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्या तिच्यासाठी थांबतात. राज्याचा कृषी विभाग २०२० पासून ऑगस्टच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, तेथेही ती हातोहात जाते. तेव्हा करटोली विकावी. तिच्या पैशातून तेल-डाळ येते, ते काही वाईट नाही. परंतु टाकळा, कुरडू, कवळा यांना भाव नाही म्हणून त्या घरातही शिजवायच्या नाहीत, ही रीत बरी नव्हे. ज्याला बाजारात भाव नाही ते हलके, असे आपण का समजतो?

पावसाळ्यातले सर्वांत कठीण दिवस आवणीचे. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत बाई चिखलात वाकलेली असते. बाजार चुकतो, एक नव्हे, दोन-तीन. वर्षातले सर्वांत जड काम आणि वर्षातले सर्वांत हलके ताट एकाच पंधरवड्यात येते. यासाठी आगोटीलाच तयारी करून ठेवावी. हुलगे भाजून दळून ठेवावेत. पिठले दहा मिनिटांत होते. हुलग्यात शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिने आहेत, तांदळात सात ग्रॅमही नाहीत. नाचणी दहा-बारा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, सुकवून, किंचित भाजून दळावी. तिची आंबील रानात नेता येते. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडलेल्या तांदळात अवघे दहा. आपल्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई पिढ्यान् पिढ्या पिकत आल्या. भात पांढरा आणि भाकरी काळी म्हणून आपण त्यांना मागे सारले, आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यावर शहरातली दुकाने तीच नाचणी सुंदर पिशव्यांत भरून महाग विकू लागली. आवणीहून परतताना बांधावरचा मूठभर पाला खुडून आणावा आणि जेवताना त्यावर लिंबू पिळावे. आंबटाने पाल्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर उलट होते. चहा सोडा असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. जेवणानंतर तासभर थांबा.

कापणी झाली की हातात पैसा येतो, आणि येथे मला जरा स्पष्ट बोलायचे आहे. आपला इंद्रायणी तांदूळ आज सर्वदूर मागितला जातो. आंबेमोहोर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून झालेला हा वाण १९८७ साली प्रसारित झाला, आणि त्याने मावळाचे नाव घरोघर नेले. तो विकून पैसा करावा हे योग्यच. पण किती विकावा? कष्टाचे काम करणाऱ्या पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो धान्य धरा, वर्षाला ७३० किलो होते. त्यातला निम्मा तांदूळ धरला तर ३६५ किलो. भाताचा उतारा शेकडा ६५ धरला तर त्यासाठी सुमारे ५६० किलो भात कणगीत राहिले पाहिजे. रेशनचे धान्य मिळत असेल तर तेवढे वजा करा. पण हा हिशेब खळ्यावर करा, व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा राहण्याआधी. कार्तिकात सगळे भात विकायचे आणि श्रावणात दुकानातून किलोने तांदूळ आणायचा, या व्यवहारात मधले पैसे कोठे जातात हे आपल्याला माहीत आहे.

भात निघाल्यावर जमिनीत जी ओल राहते, ती आपली दुसरी बँक आहे. वाल, हरभरा, मसूर या ओलीवर येतात. पौषात वालाच्या शेंगा, हरभऱ्याचा कोवळा पाला आणि पुढे सुके कडधान्य, असा तिहेरी लाभ होतो. वाल विकून तूरडाळ आणणारी घरे मी पाहतो. आणावी, चवबदल म्हणून आणावी. पण सुक्या वालात शंभर ग्रॅमला जवळजवळ २५ ग्रॅम प्रथिने आहेत, तो तुरीपेक्षा कोठेही उणा नाही. रात्री भिजवून, मोड आणून, साल काढून केलेले बिरडे ज्याने खाल्ले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. साल काढणे हे कंटाळवाणे काम आहे हे मान्य. ते मुलांना द्यावे.

थंडीत बाजार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरलेला असतो. मेथी, चाकवत, गाजर, मुळा, टोमॅटो, पेरू, बोरे, आवळे. या दोन-तीन महिन्यांत पाल्याची कसर भरून काढावी. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदे नेतो. क जीवनसत्त्वाचे पाहायचे तर शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम, पेरूत २०० च्या वर, आणि सफरचंदात फक्त एक. बांधावरचा पेरू नेला तर पाहुणा काय म्हणेल, ही भीती तेवढी सोडावी लागेल. उन्हाळ्यात कैरी, शेवग्याच्या शेंगा, फणस, करवंदे, जांभळे येतात, आणि वाळवणाचे दिवस सुरू होतात. सांडगे, कोहळ्याचे वडे, वाळवलेली मेथी, आमचूर: यांतील प्रत्येक डबा आवणीच्या एका उपाशी दिवसाची सोय आहे. मुलांच्या बाजारच्या खाऊत शेंगदाणा-गुळाची चिक्की असावी. ती तर आपल्या लोणावळ्याचीच. रंगीत पुड्यांतल्या वाऱ्याला पैसे देऊ नयेत.

शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावे यासाठी ठिकठिकाणी प्रयत्न झाले आहेत. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली. १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात ‘रयतु बाजार’ आणि तामिळनाडूत ‘उळवर संदै’ उभे राहिले. आपल्या राज्यात २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झाले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील सोसायट्यांच्या आवारात असे बाजार भरू लागले. आपल्यापैकी काहींना तेथे चांगली विक्री करता येईल. मात्र तेथे नेण्यासाठी माल निवडताना उरतो तो बारका, वाकडा माल घरात येतो. त्याने काही बिघडत नाही, चव तीच असते.

शेवटी त्या साडेतीन किलो पालेभाजीकडे येतो. ती बाजारातून येणार नाही हे आपण पाहिले. ती दारातच पिकवावी लागेल. त्यासाठी फार जागा लागत नाही. मोरीच्या सांडपाण्यावर तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असे चार वाफे करावेत. सांडपाणी आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून घ्यावे, आणि ते पाल्यावर न शिंपता मुळाशी सरीतून द्यावे. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये, ही त्यातली मुख्य गोष्ट. एकदम टाकले की एकदम येते, दोन दिवस मेथीच मेथी आणि मग महिनाभर काही नाही. दर आठ दिवसांनी एकेक वाफा पेरावा. मेथी आणि माठ साधारण २५ ते ३० दिवसांत काढणीला येतात, म्हणजे चौथा वाफा पेरून होईतो पहिला ताटात येतो. पालक आणि अंबाडी खुडून ठेवली तर पुन्हा फुटतात, त्यांना वेगळा कोपरा द्यावा. पावसाळ्यात मेथी सडते. त्या दिवसांत गादीवाफ्यावर माठ आणि परसात अळू धरावा. कुंपणाला एक शेवगा लावावा. शेंगा तर येतीलच, पण त्याचा पाला कोणत्याही पालेभाजीच्या तोडीचा आहे आणि तो उन्हाळ्यातही हिरवा असतो.

मेथीचे बी किराणा दुकानातल्या मेथीदाण्यातूनही चालते, फक्त ते जुने नसावे. वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. चौथ्या दिवशी सोळा-सतरा फुटले तर बी चांगले. वाफ्याला मूठभर पुरते. येत्या बाजाराला मेथी घ्याल तेव्हा पाव किलो दाणेही घ्या. त्यांचे पिशवीत ओझे होत नाही, आणि पहिला वाफा त्याच संध्याकाळी पेरता येतो.